साखळीवाली मोटर

सांगली, मंगळवार, संध्याकाळ

गाडीच्या गॅरेजच्या शटरला मोटर ठरवली एकदाची. यांचा उजवा खांदा दुखतो, डॉक्टरांनी जड उचलू नका म्हणून बजावलंय. तरी सकाळी शटर उचलायला गेलेच, आणि ते अर्ध्यावर अडकलं. फौजेत उमेदीची वर्षं काढलेला माणूस, मोटरीचं नाव काढलं की चिडतो. आज मात्र मुकाट्याने दुकानात आले.

दुकानदाराने दोन मोटरी दाखवल्या. एक नुसती रिमोटवर चालणारी. दुसरीला हाताने ओढायची साखळीही होती, लाईट गेली तर शटर उघडायला. मी पहिलीवरच अडून बसले. साखळी कशाला? पुन्हा यांच्या खांद्यालाच ताण.

यांनी पुढे होऊन नमुन्याच्या शटरची साखळी डाव्या हाताने ओढून बघितली आणि मला म्हणाले, "आता तू वढून बघ."

मी ओढली. शटर सहज वर गेलं.

"मग हीच घिऊ. लाईट नसली, मी नसलो, तरी तुला गाडी भायेर काढता आली पायजे."

मी नसलो म्हणजे? गावाला गेलो तर, असंच म्हणायचं असेल ना? दुकानदाराला एवढंच म्हटलं, साखळीवालीच द्या.