नाहणीमागचा सबजा

निसर्गोपचार केंद्र, पुणे जिल्हा
१२ मे २००३

सौ. नलूले रूपरावचा आशीर्वाद.

मी बरा हाओ. शुगर जराशी उतरली. डोयाले अजून धुकट दिसते, म्हणून अक्षर मोठं काढलं. घोर करू नोको. इथं सारं कच्चंच खातेत. चूल नाई, दूध नाई. मोडाचे मूग, गाजर, अन् सकायी भिजवलेला सबजा.

तूही दर उन्हाळ्यात देत होती. मले बुळबुळीत लागे. मी नाहणीमागं ओतून देओ अन् रिकामा गिलास तुह्या हाती देओ. तू खुश होये. तवाच पेलो असतो तं!

नाहणीमागं सबजा कोणं पेरला, तू इचारे. मी पाखरायचं नाव सांगो. तरी तूनं एक झाड उपटू देल्लं नाई. नलू, तुले ठाऊक होतं काय?

तुहा,
रूपराव