हिरव्या सालीची संत्री

प्रशांत,

'प्रिय' लिहायला हात धजला नाही. तुझी तेरवी होऊन आठवडा झाला. काल तुझ्या बायकोचा, रूपालीचा फोन आला. कंपनी तुझ्या आठवणींची पुस्तिका काढतेय, त्यात मी 'दोन चांगले शब्द' लिहावेत म्हणे. ते शोधायला बसले आणि हे पत्र निघालं.

कौतुक आधी उरकते. हिंगण्याच्या कारखान्यातली पक्की नोकरी आपण दोघांनी एकाच दिवशी सोडली, ती तुझ्या हिमतीवर. भाड्याच्या शेडमध्ये बोटं भाजून घेत तू संत्री निवडणारं यंत्र जोडलंस. पट्ट्यावरून संत्रं जायचं, कॅमेरा बघायचा, चांगलं इकडे, बाद तिकडे. इंजिनिअर म्हणून तू माझ्यापेक्षा सरस होतास. झालं कौतुक!

यंत्राला शिकवायला घेतलेले सगळे फोटो मृग बहाराचे होते, फेब्रुवारी-मार्चमधल्या केशरी फळांचे. किती वेळा सांगितलं तुला? आंबिया बहाराचं फळ दिवाळीच्या सुमारास आतून गोड होतं, पण साल हिरवट राहते. त्याचेही फोटो घेऊ, एक हंगाम थांबू. तू हसलास.

"एक हंगाम थांबलो तं कंपनी राहीन का वं? पैसेवाले दिवाळीत पाहाले येऊन राहिले."

जन्म नागपुरात, आणि संत्रं पाहिलंस ते फक्त फळवाल्याच्या गाडीवर!

मग पारशिवनीत यंत्र लावलंस, तेही माझ्या काकांच्या शब्दावर. काकांकडे बघून गावाने माल आणला. यंत्राने गोड, पिकलेली फळं कच्ची म्हणून ढिगाने बाद केली. लोक चिडून जमले तेव्हा तू काय म्हणालास, आठवतं?

"फोटोचं काम हिच्याकडे होतं."

काका माझ्याकडे वळले. "काहून वं, बागेत वाढली तू. तुले आंबियाचं फळ ओळखू येत नाही का?" एवढं बोलून ते उठून गेले. त्यानंतर त्यांनी मला दारात उभं केलेलं नाही.

परतताना गाडीत म्हणालास, "नाराज नको होऊ. कंपनी सावरली की मीच काकाले खरं सांगतो." कंपनी सावरली. अपयशातून कसं शिकावं यावर तू नागपूरभर भाषणं दिलीस, टाळ्या घेतल्यास. पारशिवनीला जायला तेवढी सवड झाली नाही! मग एका सकाळी छातीत कळ आली आणि गेलास. आता मी कोणाची कॉलर धरू?

राग फक्त तुझाच असता तर सोपं होतं. त्या दिवशी माझ्या तोंडाला कोणी कुलूप घातलं होतं? कंपनीत माझाही हिस्सा होता. मी बोलले असते तर पैसेवाले पळाले असते, हे मलाही कळत होतं.

तर ऐक. पुस्तिकेत माझी एक ओळ येणार नाही. रविवारी मी पारशिवनीला जातेय. काकांनी दार उघडलं नाही तर अंगणात उभी राहीन आणि शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगेन, की चूक प्रशांतची होती, आणि हे माहीत असून मी गप्प बसले. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग जिवंत होतास तेव्हा स्वतःच बोलायचं होतंस!

तुझी एकेकाळची भागीदार,
मीनल