नऊ वाजून वीस मिनिटांचं सील

रविवार, १२ जानेवारी

त्या सकाळी मी आधी सशांना खायला घातलं. मग चूल पेटवली, चिकोरी घालून कॉफी केली, पायरी धुतली आणि मटार सोलायला बसले. गेल्या वर्षीचा मे महिना होता. दार उघडंच होतं. माझा नवरा फिर्मां टेबलाच्या पलीकडे, हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलासारखा बसला होता.

"चौथी ओळ," मी म्हटलं.

"आर, टी, व्ही, एफ, ई."

"पाचवी?"

पाचवीत तो अडला. मी एकेक अक्षर सांगत गेले, तो मागून म्हणत गेला. शेंग फोडायची, अक्षर सांगायचं. मटार संपेपर्यंत डॉक्टरांच्या भिंतीवरचा अख्खा तक्ता त्याला पाठ झाला. मी गुडघा दाखवायला गेले होते तेव्हा डॉक्टर हात धुवायला आत गेले, तेवढ्यात मी तो बियांच्या पाकिटावर उतरवून आणला होता. उजवा डोळा, डावा डोळा, दोन्ही वेळा तेच म्हणायचं. आम्ही हसलो. मीच जास्त हसले.

मोटार शर्यतीच्या क्लबने त्या वर्षी नवा नियम काढला होता. गाड्यांच्या पेट्रोलच्या झाकणांना सील करणाऱ्या, साठीच्या वरच्या सगळ्यांनी दृष्टीचा दाखला द्यायचा. फिर्मांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण तेरा शर्यती त्याने केल्या होत्या. जूनमधली ती चोवीस तासांची शर्यत म्हणजे त्याचं वर्ष. बाकीचे अकरा महिने तो पत्र्याच्या बादल्यांना डाग देत असे.

दाखला मिळाला.

आज त्याला जाऊन नऊ आठवडे झाले. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. फादरनाही नाही. वहीत लिहून पाहते.


मंगळवार, १४ जानेवारी

नळ गोठला. दोन तास गरम फडकी गुंडाळत बसले. फिर्मां शिव्या देत देत पाच मिनिटांत मोकळा करायचा.


शुक्रवार, १७ जानेवारी

क्लबचं पत्र आलं. चिटणीस लाव्हीनसाहेबांची सही. सील करणाऱ्यांच्या खोलीवर फिर्मांच्या नावाची पाटी लावणार आहेत. शनिवारी, पंधरा फेब्रुवारीला. पडदा मी ओढायचा. पाटीवर काय कोरणार तेही कळवलंय. नाव, साल, आणि खाली — 'चौदा शर्यती, एकही चूक नाही.'

मी अकराव्या वर्षी शाळा सोडली. वाचायला शिकले ती फिर्मांच्या नियमावल्यांवर. दर वर्षी नवी यायची, मी मोठ्याने वाचायची, तो ऐकायचा. त्यामुळे छापलेल्या वाक्यावर माझा अजून विश्वास बसतो. हे वाक्य मात्र तीनदा वाचलं आणि पत्र पावाच्या डब्याखाली सरकवून ठेवलं.


सोमवार, २० जानेवारी

दुपारी क्लोव्हिस बेलाँजे आला. चौकातल्या गॅरेजचा. यायचाच होता, अर्ज भरायचे दिवस आहेत. सहा वर्षं त्याचा अर्ज मीच भरते. काखेत फॉर्म, हातात त्याच्या बायकोने, मार्तने दिलेला रियेतचा, चरबीत शिजवलेल्या डुकराच्या मांसाचा डबा.

"वहिनी, माझ्या अक्षरात पाठवला तर वाचता वाचता त्यांचा जून उजाडेल."

बसला. मी शाई काढली. गाडीचं नाव, इंजिन, वजन, चालक दोन — तो आणि त्याचा मेव्हणा. गाडी तीच. तीन वर्षं रविवारी रविवारी गॅरेजच्या मागे बसून बांधलेली. एकेक आकडा त्याला तोंडपाठ. मी लिहीत गेले. अकराव्या प्रश्नावर थांबले.

'यापूर्वी बाद ठरवले गेले असल्यास वर्ष व कारण.'

तो टोपी फिरवत राहिला. "काय लिहायचं?"

"अहवालात जे असेल तेच, असं खाली छापलंय."

"म्हणजे मी चोर आहे, हे तुमच्या सुंदर अक्षरात लिहा." हसला. मग म्हणाला, "लिहा हो. तुमचा काय दोष?"

मी लिहिलं — गेल्या जूनमध्ये, पेट्रोलच्या झाकणाचं सील मुदतीआधी उघडं. वर टीपकागद दाबला.

"चौदा तारखेला समिती बसते," तो म्हणाला. "या वर्षी नाही घेतलं तर परत कधीच घेणार नाहीत. यादीवर एकदा चोराचा शिक्का बसला की बसला." मग उठला आणि फिर्मांच्या रिकाम्या खुर्चीची पाठ थोपटली, कुणाच्या तरी खांद्यावर थोपटावं तशी. "दादा असते तर दोन शिव्या घातल्या असत्या मला."

फॉर्म घडी करून घेऊन गेला. रियेतचा डबा मी उघडलेला नाही.


मंगळवार, २१ जानेवारी

सगळं लिहायचं तर नीट लिहावं.

गाडीत पेट्रोल भरलं की सील करणारा झाकणाला तार ओवतो. तारेची दोन्ही टोकं शिशाच्या गोळीतल्या दोन भोकांतून काढायची आणि पक्कडीने गोळी दाबायची. ठरलेल्या फेऱ्या होईपर्यंत ते झाकण उघडायचं नाही. उघडं सापडलं की गाडी बाद, कारण कुणीतरी चोरून पेट्रोल भरलं असा त्याचा अर्थ.

दाखला मिळाल्यावर फिर्मां घरात सराव करायला लागला, दुधाच्या कॅनांच्या झाकणांवर. रोज वीस. तो अंगणात गेला की मी एकेक तार ओढून बघायची. विसातल्या सात-आठ सुटून यायच्या. तार एकाच भोकातून गेलेली असायची. वरून बघितलं तर गोळी छान दाबलेली.

मी सुटलेल्या तारा चुलीत टाकल्या. त्याला म्हटलं, "थोडं जोरात दाबत जा."

एवढंच म्हटलं.

मग जून. रविवारी सकाळी क्लोव्हिसची गाडी आपल्या वर्गात पहिली होती. सबंध गाव कुंपणाला चिकटलेलं. नऊ वाजून वीस मिनिटांनी पेट्रोल घेतलं, सील फिर्मांने केलं. अकरा वाजता ब्रेक बघायला गाडी थांबली, आणि दुसऱ्या एका अधिकाऱ्याला झाकणाची तार लोंबताना दिसली. फिर्मांला बोलावलं. 'तुम्ही सील केलं होतं?' 'केलं होतं.' झालं. पाच तास उरले असताना गाडी ढकलत बाहेर काढली.

फिर्मां खोटं बोलला नाही. त्याने केलंच होतं.


रविवार, २ फेब्रुवारी

आज मेणबत्त्यांचा सण, घरोघर धिरडी. मार्त बळेच घेऊन गेली धिरडी खायला. तव्यावरचं धिरडं उडवताना तिने बोलायला सुरुवात केली आणि थांबली नाही.

काल कॅफेत क्लोव्हिसच्या पेल्यात कुणीतरी शिशाची गोळी टाकून ठेवली. सायडर पिता पिता दाताखाली आली. सगळे बघत होते. तो म्हणे, "दात पडला असता तर तोही सील करून दिला असता ना?" असं म्हणून हसून घरी आला, आणि रात्री जेवला नाही.

"ट्रकवाले येत नाहीत आता. नाव खराब झालंय, लेओनीताई. मार्चपर्यंत बघणार, नाहीतर गॅरेज बंद करून पॅरिसकडे कारखान्यात जायचं म्हणतो. चाळिशीचा माणूस. सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहून नट पिळणार."

"आणि गाडी?"

"विकणार. कुणी घेतली तर." तिने धिरडं माझ्या ताटात टाकलं. "फिर्मांदादा असते ना, तर समितीपुढे शपथेवर सांगितलं असतं त्यांनी, हा पोरगा असलं करणार नाही म्हणून."

मी खाल्लं. तीन खाल्ली. नाही म्हटलं असतं तर तिने कारण विचारलं असतं.


सोमवार, ३ फेब्रुवारी

लाव्हीनसाहेबांना पत्र लिहायला बसले. चार ओळी झाल्या. चुलीत टाकलं.


शनिवार, ८ फेब्रुवारी

जे लिहायचं टाळतेय ते आज लिहिते.

सबंध उन्हाळा आम्ही त्याबद्दल बोललो नाही. ऑगस्टमध्ये एकदा, घेवडा तोडताना, त्याने विचारलं, "ते सील मी नीट दाबलं होतं ना गं?"

मी शर्यतीच्या जागी नव्हतेच. घरी होते, रेडिओपाशी. तरी म्हटलं, "दाबलं होतंस."

तो बरं म्हणाला. पुढचा घेवडा तोडायला वाकला. मला वाटलं, सुटलो.

नोव्हेंबरात छाती भरली. शेवटच्या आधीच्या दिवशी, दुपारी, त्याने माझं मनगट धरलं. "क्लोव्हिसला बोलाव. त्याला सांगायचंय —"

मी म्हटलं, "बोलू नकोस, खोकला येतो."

त्याने पुन्हा तोंड उघडलं. मी चमच्याने काढा घातला.

आता लिहिल्यावर दिसतं. खोकल्याची काळजी होतीच, खोटी नव्हती. पण त्या काळजीआड मी दुसरं काहीतरी लपवलं. मला तक्त्याची भीती वाटली. तो बोलला असता तर बियांच्या पाकिटापर्यंत गोष्ट आली असती. त्याला त्याचं सांगून जायचं होतं आणि माझं झाकायला मी त्याचं तोंड बंद केलं. काढ्याच्या चमच्याने.

दुसऱ्या दिवशी तो बोलू शकत नव्हता.

गावात सगळे म्हणतात, लेओनीने नवऱ्याची सेवा केली.


सोमवार, १० फेब्रुवारी

लाव्हीनसाहेबांचा माणूस पाटी दाखवायला घेऊन आला. पितळेची. 'एकही चूक नाही' ही अक्षरं नावापेक्षा जराशीच लहान. "कशी वाटते, मॅडम?"

मी म्हटलं, चांगली आहे.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

क्लोव्हिस आला होता, शनिवारी कार्यक्रमाला मला गाडीतून किती वाजता न्यायचं ते ठरवायला. दारातच उभा. "साडेनऊला येतो. उद्या समिती माझा अर्ज टोपलीत टाकणार, पण म्हणून दादांच्या पाटीला येणार नाही असं नाही."

माझ्या तोंडून निघालंच. "क्लोव्हिस, त्याला दिसत नव्हतं."

तो आत आला. दार लावलं. टोपी काढली.

"माहीत आहे मला."

मी बसले. तो उभाच राहिला, चुलीकडे तोंड करून.

"चांगलं ऊन होतं, वहिनी. मी हातभर अंतरावर होतो. दादा तार घेऊन झाकणापाशी चाचपडत होते. एका भोकातून गेली. दुसऱ्या भोकाच्या बाजूने गेली. मग दाबलं त्यांनी, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे, मी जिथे असेन असं त्यांना वाटलं तिथे बघून."

"मग बोलला का नाहीस?"

"मागे तो वहीवाला तरणा अधिकारी उभा होता. मी तोंड उघडलं असतं तर तिथल्या तिथे दादांच्या हातातून पक्कड काढून घेतली असती, सगळ्यांसमोर. चौदा वर्षांचा होतो तेव्हा त्यांनी मला डाग द्यायला शिकवलं. वाटलं, टिकेल. दीड-दोन तासांचा तर प्रश्न."

"आणि बाद झाल्यावर?"

"बाद झाल्यावर काय बोलणार? नियम तुम्हीच वाचून दाखवलेला मला. सील नीट नाही हे गाडीवाल्याच्या लक्षात आलं आणि त्याने सांगितलं नाही, तर तोही तेवढाच दोषी. बोललो असतो तर दादाही गेले असते आणि मीही. गप्प बसलो तर मी एकटा." त्याने दाराकडे बघितलं. "मार्तला हे ठाऊक नाही. कळलं तर मला कारखान्यात जावं लागणार नाही, गोठ्यातच ठेवेल."

मी त्याला सगळं सांगितलं. तक्ता, मटार, कॅना. काढ्याचा चमचाही. चमच्याचं ऐकून त्याने टोपी घातली आणि परत काढली.

"मला बोलावलं होतं त्यांनी?"

"हो."

तो दाराकडे वळला. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. आता एवढंच करा, दुसऱ्या कुणाला सांगू नका. माणूस गेला. पाटी लागू दे. शनिवारी चांगला कोट घाला, वारा असतो तिथे."

गेला. ज्याचं वाटोळं झालं त्यानेच गप्प राहा म्हटलं. मला वाटत होतं, त्याने माफ केलं की हलकं वाटेल. पण त्याने माफ करायच्या आधीच किंमत मोजून ठेवली होती, आठ महिने, रोज, कॅफेत बसून. आणि मी त्याच माणसाचा अकरावा प्रश्न सुंदर अक्षरात भरून दिला.

कोट काढून ठेवलाय. शनिवारसाठी नाही.


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सव्वासातच्या बसने गेले. समितीपुढे उभी राहिले आणि सांगितलं — मोतीबिंदू, तक्ता, कॅनांवरच्या सुटलेल्या तारा. लाव्हीनसाहेबांनी लिहून घेतलं. पाटी लावू नका म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "सील बसलं नाही हे बेलाँजेच्या तेव्हा लक्षात आलं होतं?"

मी म्हटलं, "नाही." आणि खाली सही केली.