खोबऱ्या आंब्याच्या दोन फायली

३ एप्रिल
या हातांनी केलेलं: मागच्या पडवीचं छप्पर, पंपाचं वाइंडिंग (दोनदा), काजू फोडायचं यंत्र. आणि आता या फायली. शिकवलं कुणी नाही.
आमच्या मसुऱ्याच्या रायवळ आंब्यांची झाडागणिक एक फाईल. नुसती अक्षरं, कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतात. नाव दुहेरी चौकटी कंसात घातलं की त्या नावाची फाईल समोर. खोबऱ्या आंब्यातून आईची साठं, म्हणजे उन्हात वाळवलेली आंबापोळी, साठांतून बाबा, पडवीत कावळे हाकत बसलेले. बाबांतून परत खोबऱ्या.
आज संध्याकाळभर तेवढंच फिरलो.

५ एप्रिल
कसालहून दादाचा फोन. "विहिरीकडचो आंबो तोडून फळ्यांक मागता एक लाकूडवालो. देवया?"
'विहिरीकडचा' उघडली. दादानेच पूर्वी सांगितलेल्या दोन ओळी. तिला कुठूनही दुवा नाही. म्हटलं, दे.

७ एप्रिल
जेवताना आईला सांगितलं. घास हातात तसाच.
"खंयचो विहिरीकडचो? थंय खोबऱ्योच आसा, दुसरा झाड नाय."
"नाय गो, फायली दोन आसत."
"मगे तुज्या फायलीक सांग, साठां घाल म्हणान!"
उठून वर बागेत गेलो. झाड एकच. विहीर मी गोव्याला नोकरीत असताना खणलेली. दादा विहिरीवरून नाव घेतो, आई चवीवरून. मी दोघांचं ऐकून टाईप केलं. परत आल्यापासून वर चढून बघितलं नव्हतं. मी, जो दुसऱ्याचं वायरिंग तीनदा तपासतो.
खाली दोन पाडाचे पडलेले. तोच खोबऱ्यासारखा वास.

८ एप्रिल
दोन्ही फायली एक केल्या. मग सगळ्या फायलींच्या एका कॉपीत खोबऱ्या पुसून पाहिला. साठं, बाबा, शाळेच्या दप्तरात फुटलेला आंबा, आत्येचं माहेरपण... सगळीकडून एकच उत्तर: फाईल सापडत नाही.
कॉपी काढून टाकली.
दादाला फोन. "आता फिरतंस? मी शब्द दिलंय त्येका."
"झाड चुकला रे माझा."
"झाड थंयच आसा. तू चुकलंस."
खरं आहे.

११ एप्रिल
लाकूडवाला दारात. विक्रीच्या कागदावर दादाची सही घेऊन आलेला, माझी बाकी. आई साठांची ताटं घासत होती, मान वर केली नाही. त्याने आकडा वाढवला. दादा फोन उचलत नाही, निम्मं झाड त्याचं.
मी सही केली नाही. शेवटचा आकडा अठ्ठावीस हजार रुपये होता.