लिंटेल, चारही भिंतींवर

५ फेब्रु.
तलासरीला गवंडीकामाचं ट्रेनिंग सुरू. बाया दोनच, मी आणि आशागडची एक. बाकी बाप्ये.
सरांनी विचारलं, "लिंटेल म्हणजे काय?" बारा वर्षं घमेली वाहिली मी, साइटवर 'लिंटर' म्हणतात. म्हटलं, "दाराखिडकीवरची आडवी तुळई. वरच्या विटांचं वजन घेते."
सर म्हणाले, बरोबर, पण अर्धंच. आपल्याकडे भूकंपाचे धक्के. ती दारावर थांबवायची नाही, चारही भिंतींवरून अखंड फिरवायची. लिंटेल बँड.
तोंडातून निघून गेलं, "म्हणजे घराला करगोटा!" वर्ग हसला. सरांनी फळ्यावर लिहिलं. माझा शब्द, फळ्यावर!

१६ फेब्रु.
विवळवेढ्याजवळच्या पाड्यात नणंदेचं, जयवंतीचं, घरकुल. मिस्त्री काशिनाथदादा, माझे थोरले दीर; त्यांच्या हाताखाली वीटकामाला मी. भिंत दाराच्या उंचीला आली. दादा फक्त दारावर सळ्या टाकायला लागले. म्हटलं, सगळीकडून फिरवा.
"चार दिवस वर्गात बसलीस नि मला शिकवतेस?"
थापी खाली ठेवली. म्हटलं, याच्यावर मी वीट ठेवणार नाही. आणि नाही ठेवली. काम बंद.

१७ फेब्रु.
जयवंती म्हणाली, "खरं सांगू, वहिनी? मला पक्कं घर नकोच होतं. कुडाचं हलतं, पण पडत नाही. मागच्या धक्क्यात शेजारणीच्या विटांच्या भिंतीला दारापासून वरपर्यंत तडा गेला."
म्हणून तर हा पट्टा, म्हटलं. पण सळ्या पुरणार नाहीत.
ती म्हणाली, "पडवीसाठी आणल्यात त्या घे. पडवी मागनं बघू."
सळ्या उचलायला दादा स्वतः उठले.

२० फेब्रु.
चारही कोपऱ्यांतल्या सळ्या मी वाकवल्या. एका भिंतीची सळी दुसऱ्या भिंतीत नेऊन तारेनं बांधली. दादांनी धरून हलवून पाहिलं. हललं नाही. "घट्ट आहे." एवढंच.
दुपारी काँक्रीट ओतलं. हात सोलले. खाली उतरून घराभोवती एक फेरी मारली, मग आणखी एक. उगीच.

६ मार्च
पाड्यातले एक जण त्यांच्या घराचं विचारायला दादांकडे आले. दादा म्हणाले, "लिंटेलचं तिला विचारा. तिला कळतं." सगळ्यांसमोर!
मी नीट समजावून सांगितलं. घरी नवऱ्याला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "कळलं गं!"

२८ मार्च
पत्रे चढले. जयवंतीनं भांडी, तांदूळ नव्या घरात नेले, चूल पेटवली. पहिला चहा मला.
चहा पिताना बारीक धक्का. भांडी वाजली. दोघी बाहेर. थांबल्यावर मी आत जाऊन तुळईखाली बोट फिरवत चारही भिंती पाहिल्या. कुठे केसाएवढाही तडा नाही. माझ्यामागून जयवंतीनंही हात लावून पाहिलं.
"चांगलं झालंय, वहिनी."
तिचं अंथरूण अजून कुडाच्या घरात आहे. मी विचारलं नाही.