एकच सोफा घरोघरी आढळल्याबाबत

प्रति,
मा. पडताळणी अधिकारी साहेब,
संशोधन अनुदान विभाग,
दुसरा मजला, जिना चढून डाव्या हाताला.

विषय : माझ्या भाचीचं पीएच.डी.चं अडकलेलं अनुदान सोडणे व त्यासाठी आमचा सोफा ओळखणे.

संदर्भ : आपला शेरा, "अभ्यासाचा विषय जागेवर आढळून आला नाही."

महोदय,

अर्ज करतो की, आपण आमच्या गावी तपासणीला येणार असं कळलं त्याच दिवशी माझी आणि शेजारच्या टेलरची पैज लागली. टेलर म्हणाला, "साहेब शिकलेला माणूस आहे, तिसऱ्या घरात सोफा ओळखणार." मी म्हणालो, "शेवटच्या घरातून निघताना सोफ्याला टाटा करेल, पण ओळखायचा नाही." हरेल त्यानं सोफ्यासारख्याच फुलाफुलांच्या कापडाचा शर्ट-पायजमा घालून भर बाजारातून फिरायचं, असं ठरलं. टेलरला जिंकायची एवढी खात्री, की त्यानं तिथल्या तिथं माझंच माप घेऊन कपडे शिवूनही टाकले.

आता हा सोफा कुठला, असं आपण विचाराल. आपण त्यावर भरपूर बसलेले आहात, तरी सांगतो.

१. आमची भाजी पिकवणाऱ्यांची सहकारी सोसायटी आहे. पंप एक, फवारणीचं मशीन एक, वजनकाटा एक. ज्याची पाळी त्याच्याकडे वस्तू. पंप मी दुरुस्त करतो, त्यामुळे सगळ्यांच्या घरात माझी ये-जा. त्याच चालीनं पाहुण्यांसाठीचं सामानही सोसायटीनं एकच ठेवलंय. सोफा, टेबलफॅन, भिंतीवरचं घड्याळ आणि बर्फाच्या डोंगराचं चित्र. ज्याच्या घरी पाहुणा, त्याच्या घरी सामान. एरवी आम्हाला बसायला जमीन आहे. घरातली. शेतातली तेवढी कमी पडते.

सोफ्याचं कव्हर टेलरनं शिवलंय. मोठ्या फुलांचं कापड डाव्या हाताशी संपलं, म्हणून तिथं पायजम्याच्या रेघांचं लावलं. असा सोफा दुनियेत दुसरा नाही, आणि टेलर त्याच भरवशावर बुडाला.

२. माझी भाची "शेती सहकारी संस्था आणि ग्रामीण दारिद्र्य" यावर प्रबंध लिहिते. तिनं घरोघरी जाऊन हात जोडले, "साहेब गरिबी बघायला येताहेत, सामान हलवू नका." त्यावर तिची मामी, म्हणजे आमची बायको, कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "गरिबी बघायला आला म्हणून पाहुण्याला जमिनीवर बसवायचं? सोफ्यावर बसून गरिबी दिसत नाही का त्याला?" सगळ्या बायकांनी मान डोलावली. त्यानंतर विषय भाचीच्या हातातून गेला आणि आमच्या खांद्यावर आला.

३. आपल्याला प्रत्येक घरी नेताना चेअरमन लांबून, विहिरीला वळसा घालून नेत होते. विहीर दाखवण्यासारखी नाही, हे आपल्याही लक्षात आलं असेल. तेवढ्या वेळात आम्ही चौघं मागच्या बोळातून सोफा घेऊन पळायचो. एकदा आपले पाय जरा भराभर पडले आणि बोळाच्या तोंडाशी आपण आणि सोफा समोरासमोर आलात. मी मनात म्हटलं, झालं, चढवा आता फुलं. पण आपण बाजूला सरकलात आणि म्हणालात, "जाऊ द्या, आधी तुमचं सामान जाऊ द्या." इतका सभ्य अधिकारी आम्ही पाहिलेला नाही.

४. दुसऱ्याच घरात आपलं पेन सोफ्याच्या फटीत गेलं. आपण बरंच चाचपलंत, मग चेअरमनचं घेतलंत. पुढं आमच्याच घरी बसल्या बसल्या आपला हात फटीत गेला आणि पेन वर आलं. आपण ते प्रामाणिकपणे बायकोच्या हातात दिलंत, "बाई, तुमचं पेन. सांभाळा, माझंही असंच होतं." तिनं ते सांभाळलं. सोबत जोडलं आहे. टोपणावर दातांच्या खुणा आहेत. कुणाच्या, ते आम्ही लहान तोंडानं काय सांगावं.

५. अहवालात आपण लिहिलंत की घराघरात सोफा, पंखा आणि उंची चित्र आहे, सोफ्यात पेनं पडलेली सापडतात एवढं शिक्षण आहे, आणि सगळी घरं एकाच वेळेला तपासून झाली. साहेब, ते घड्याळ बंद आहे. सोसायटीच्या सभेत सेल काढून टॉर्चला घातले होते.

मी पैज जिंकलो. टेलरनं ते कपडे चढवून पाहिले, तर शर्टात अजून एक टेलर मावेल, आणि पायजमा हातात धरल्याशिवाय राहीना. तो म्हणाला, "हे माझ्या मापाचं नाही, सबब पैज रद्द." आम्ही पोट धरून हसत होतो, आणि तेवढ्यात आपला शेरा आला. अनुदान बंद. गरिबीच नाही, तर अभ्यास कशाचा?

भाची आली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "मामा, जिंकलास ना? मग माझी पदवी तूच घे आणि बस त्या सोफ्यावर." अनुदान सुटलं नाही तर ती चुलत्याच्या दुकानात मोबाईलची कव्हरं विकायला बसणार आहे. तिनं तिसरं प्रकरण अर्धं लिहून ठेवलंय. त्यात ती लिहिते की गरीब माणसं एकत्र आली की पाळीपाळीनं श्रीमंत होतात, एका वेळी एकच घर. मला पंपापलीकडचं कळत नाही, पण हे मात्र पटकन कळलं, कारण ते मी तिघांबरोबर उचललंय.

सबब, पैज हरायची असं मी ठरवलं आहे. आज बाजाराच्या दिवशी टेम्पोत सोफा घालून आपल्या कार्यालयाच्या पायऱ्यांसमोर आणून ठेवला आहे. कपडे घातले आहेत. मला ते अगदी बेतशीर बसतात. सोफ्यावर बसलो की मी कुठं संपतो आणि सोफा कुठं सुरू होतो, ते लांबून कळत नाही. मघाशी आपले शिपाईभाऊ पाय मोकळे करायला आले आणि थेट माझ्या मांडीवर बसले. वर म्हणाले, "गादी जरा गरम आहे."

तरी विनंती की, आपण खिडकीतून खाली पाहावं, सोफा ओळखावा आणि तसा शेरा लेखी द्यावा. सोफा जास्त वेळ ठेवता येणार नाही. संध्याकाळी विहिरीकडच्या वहिनींकडे पाहुणे आहेत, पंखा आधीच पोचलाय.

आपला, फुलाफुलांत नम्रपणे बसलेला,
(सही)
भाचीचा मामा, सोसायटीचा पंपवाला

स्थळ : आपल्याच पायऱ्यांसमोर
दिनांक : बाजाराचा दिवस

सोबत :
पेन, एक. (चावलेलं.)
घड्याळ, एक. (बंद.)
सोफा, एक. (जोडता येत नाही, खाली यावं.)

ता.क. : अर्जाची घडी घालत होतो, तेवढ्यात आपण डबा घेऊन स्वतःच खाली उतरलात. टेकायला म्हणून सोफ्यावर बसलात, रेघांवर हात फिरवलात, फटीत बोटं घातलीत आणि थबकलात. म्हणालात, "अहो, हा तर... मी यावर बसलोय!" समोर चहाच्या टपरीवर दबा धरून बसलेला टेलर ग्लास टाकून ओरडला, "ओळखला! ओळखला!" साहेब, आपण जे तोंडानं म्हणालात तेवढंच कागदावर उतरवावं. पेन जोडलेलंच आहे. मी थांबू शकत नाही. टेलर पुढं डबडं बडवतोय, भाची मागून टाळ्या पिटतेय, आणि मी आपल्यासमोरून, भर बाजारात, दोन्ही हात वर करून फिरायला निघालो आहे.