हात तपासणारी

४ नोव्हेंबर, मंगळवार

नवं व्हर्जन आलं एकदाचं! चित्रं काढणाऱ्या आमच्या यंत्राचं हे सातवं. आज तीनशे चाळीस चित्रं पाहिली. यंत्र वाक्यावरून चित्र काढतं, आमच्या पडद्यावर एकामागून एक चित्र येतं, नऊ सेकंदांत ठरवायचं — ठीक असेल तर हिरवी खूण, चूक असेल तर लाल. नऊच्या वर गेलं की साहेबांच्या पडद्यावर पिवळी पट्टी उमटते. साहेबांना आम्ही ‘तारीख’ म्हणतो, कारण त्यांच्या तोंडी दुसरं काही नसतंच. एकवीस तारीख, एकवीस तारीख! त्या दिवशी व्हर्जन लोकांना द्यायचंय. पण माझ्या सहीशिवाय नाही. हात माझ्याकडे आहेत.

हात सुरेख आलेत हे मात्र मान्य. पाचव्या व्हर्जनमध्ये माणसांना सात-सात बोटं फुटायची आणि कपाचा कान मनगटातून बाहेर यायचा. आता नखाच्या मुळाशी पांढरी चंद्रकोरसुद्धा दिसते.

५ नोव्हेंबर, बुधवार

चारशे दहा. लाल फक्त तीन. डोळे चुरचुरतायत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शेजारच्या टेबलावर चेहरे तपासणारी बसते. सगळे तिला काकू म्हणतात — माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे! आज म्हणाली, “तुझं बरंय बाई. बोटं मोजायची की झालं. मला हसू खरं की खोटं ते ठरवावं लागतं.”

बोटं मोजायची म्हणे! अठरा वर्षं फोटो स्टुडिओत लोकांचे फोटो दुरुस्त केलेत मी. हात कसा वळतो, कुठे दाबला जातो, झोपेतही सांगेन. तीन वर्षांत तपासणीच्या तक्त्यात माझा पहिला नंबर हललेला नाही. ही बढाई नाही. (बरं, आहे थोडी.)

८ नोव्हेंबर, शनिवार

दादाकडे गेले होते. महिनाअखेरीला तो निवृत्त होतोय. पत्रा कापायच्या कारखान्यात छत्तीस वर्षं झाली. हल्ली नव्या कामगारांना मशिन शिकवतो. जाण्याआधी त्याला भिंतीवर एक मोठं चित्र लावायचंय.

“तुझ्या यंत्राला सांग,” म्हणाला, “मशिनपाशी उभा माणूस, डाव्या हाताला तीन बोटं. रक्तबिक्त नको. हसत असला तरी चालेल. जाळी उघडून हात घालू नका, एवढंच कळलं पाहिजे.”

म्हटलं, तुझाच फोटो लाव की.

“माझा हात रोज बघतात. रोजचं कुणी बघतं का?”

दादाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं तेव्हा मी कॉलेजात होते. घरी सगळे त्याच्याभोवती जमलो होतो. तोच म्हणाला होता, “चला, अंगठी हरवायची भीती गेली.” आम्ही हसलो आणि मग सगळेच रडलो.

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. “विसरू नका हं. तुमच्याशिवाय कुणाकडे काही मागत नाहीत ते.”

१० नोव्हेंबर, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत दादाचं चित्र काढायला बसले. ‘डाव्या हाताला तीन बोटं’ — पाच आली. ‘करंगळी आणि शेजारचं बोट नाही’ — पाच. ‘अपघातात दोन बोटं गमावलेला कामगार’ — पाच, वर चेहरा दुःखी! एका चित्रात तर पठ्ठ्याने हातच खिशात घातलाय. चोर कुठला!

आधी हसू आलं. मग राग.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बासष्ट वेळा करून पाहिलं. म्हातारा सुतार, गिरणीतली बाई, जन्मतःच बोटं कमी असलेलं मूल. पाच, पाच, पाच. या यंत्राच्या जगात कुणाचं एक बोट म्हणून गेलेलं नाही.

जुनं पाचवं व्हर्जन उघडलं. तिथे तीन बोटं येतात! वेडीवाकडी, पण येतात. म्हणजे याला येत होतं. मधल्या काळात कुणीतरी विसरायला लावलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तारीखच्या केबिनमध्ये गेले.

“असं चित्र लागणार किती जणांना?”

“माझ्या भावाला लागतंय.”

“एका भावासाठी एकवीस तारीख पुढे ढकलू?”

बोलून गेले — मी सही करणार नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला. “मॅडम, आधी कारण शोधा. मग अडून बसा.”

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कारण सापडत नाही. दादाचा फोन — “झालं का गं?” होतंय म्हटलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सापडलं.

यंत्र आमच्या खुणांवरून शिकतं. ज्याला लाल, तसं पुन्हा काढायचं नाही. खालच्या मजल्यावरच्या इंजिनियरने यादी काढून दिली. कमी बोटांच्या हातांना तीन वर्षांत चार हजार दोनशे सहा लाल खुणा. त्यातल्या निम्म्याहून जास्त एकाच तपासनिसाच्या, क्रमांक सतरा.

सतरा म्हणजे मी.

इंजिनियर बिचारा पडद्याकडेच बघत राहिला. मी म्हटलं, अहो, नियमच होता तसा. पाचाहून कमी किंवा जास्त असली की लाल. त्याने नियमांचा कागद उघडला. खाली लिहिणारीचं नाव माझंच! सात बोटांना इतकी वैतागले होते की ‘कमी’ हा शब्द ओघात लिहून गेले. दोन हजारांवर हात पुसले मी, आणि त्याची मला शाबासकी मिळत होती.

फार लाज वाटली. जिन्यात उभी राहून रडले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

तारीखला सगळं सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. म्हणाले, “लेखी द्या. स्वतःचा क्रमांकही घाला.” घातला. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, आणि कॅलेंडरवर एकवीस खोडून नऊ डिसेंबर केलं. त्यांच्या तोंडून दुसरी तारीख! काकूला सांगितलं तर तिला खरं वाटेना.

आणखी एक कळलं. सगळीच चित्रं यंत्राची नसतात. आमची परीक्षा घ्यायला मधूनमधून खरे फोटो मिसळतात. लोकांकडून मागवलेले, खऱ्या माणसांच्या हातांचे. त्यातले सत्तावन्न मी लाल केलेत. तक्त्यात चूक कशी दिसली नाही? नियमानुसार कमी बोटांना लालच बरोबर. म्हणून पूर्ण गुण!

ते सत्तावन्न पुन्हा बघायला मागून घेतलेत. वेळेचं बंधन नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

वीस पाहिले. दोन बोटांत सुई धरून दोरा ओवणारी बाई. अर्ध्या तर्जनीने चष्मा सावरणारा माणूस. एका तळव्यावर अंगठा एकटाच, आणि त्याखाली घट्ट धरलेली किल्ली. तपासताना आम्हाला फक्त फोटो दिसायचा. आता पाठवणाऱ्यांनी लिहिलेलंही दिसतं. ‘फोटो नीट आला नसेल तर पुन्हा पाठवते,’ असं सुईवालीने लिहिलंय.

काकू माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. “हे सगळे खरे?”

“खरे.”

ती आपल्या जागेवर परत गेली.

संध्याकाळी दादाला फोन केला. चित्राला वेळ लागेल, चूक माझी होती, सगळं सांगितलं. तो म्हणाला, “लागू दे. घाईनेच तर गेली माझी.” आणि हसला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

फोटो क्रमांक एकतीस दादाचा आहे. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलेला डावा हात. लाल खूण, तपासनीस सतरा, लागलेला वेळ दोन सेकंद. खाली त्याने लिहिलंय — ‘माझी धाकटी बहीण हेच काम करते. तिच्या उपयोगी पडेल.’